पडद्यापलीकडची ताटं

कळमनुरी

अहो,

जय भीम. तुम्हाला पत्र लिहायची ही माझी दुसरी वेळ. पहिलं लिहिलं तेव्हा तुम्ही कॅनॉलच्या कामावर तंबूत राहत होतात आणि मी शरदच्या बाळंतपणाला माहेरी गेले होते. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. याचंही येणार नाही हे माहीत असून लिहायला बसले, कारण काल संध्याकाळी तुमच्या त्या लाडक्या रिसॉर्टवरून परत आले आणि तेव्हापासून डोक्यातला जाळ काही विझेना. बॅग तशीच दारात पडून आहे.

रागवायचं तरी कुणावर? मॅनेजरवर रागवून झालं. शरदवर रागवून झालं. आता तुम्हीच उरलात!

शरदला रविवारपर्यंत उत्तर हवंय. तिथल्या तुमच्या सभासदत्वाची, दरसाल काही दिवस राहायच्या त्या हक्काची, अजून बरीच वर्षं शिल्लक आहेत. ते माझ्या नावावर करून घ्यायचं की सोडून द्यायचं? तो म्हणतो, आई, तू म्हणशील तसं. माझं काय, मी तिथल्या तिथं ‘सोड’ म्हणून मोकळी झाले असते. पण मध्ये तुम्ही येता ना! नांदेडच्या दवाखान्यात तोंडावरचा तो मास्क बाजूला सारून काय म्हणालात? “सुमन, ते सोडू नको. लेकरायला दरसाल घेऊन जात जा.” शेताबद्दल बोलला नाहीत, घराबद्दल नाही, माझ्याबद्दल तर नाहीच नाही. रिसॉर्टबद्दल! मी तेव्हा मान हलवली. त्या वेळी कोण नाही म्हणणार?

ते घेतलंत तेव्हा तरी मला विचारलं होतंत का? नांदेडच्या कुठल्याशा हॉटेलात त्यांनी चहापाण्याला बोलावलं. टाय लावलेल्या पोरानं पडद्यावर डोंगर दाखवले, समुद्र दाखवला, आणि वर गळ टाकला की साहेब, आधी एकदा फुकट राहून बघा. मी म्हटलं, फुकट आहे तर जाऊन येऊ. घेणार तर आपण नव्हतोच! आपण ठरवूनच निघालो होतो, आठवतं ना?

तिथं गेल्या गेल्या बूट काढायच्या आधी तुम्ही खोलीतले सगळे नळ सोडून बघितलेत. इरिगेशनमधली नोकरी संपली तरी पाणी काही सुटलं नाही तुमचं. “प्रेशर बराबर हाय,” म्हणालात, आणि भिंतीला कुठं ओल आहे का ते चाचपत बसलात. मी पलंगावर बसून हसत होते. उशीवर एक जास्वंदीचं फूल ठेवलेलं होतं, ते तुम्ही उचलून माझ्या पर्समध्ये टाकलंत. केसात माळलं असतंत तर काही बिघडलं नसतं, पण जाऊ द्या.

मग जेवणाचा तो मोठा हॉल. पांढरी, निळ्या काठाची चिनी मातीची ताटं. कापडी रुमाल घड्या घालून ठेवलेले. जेवण झालं आणि सवयीप्रमाणे तुम्ही आपलं ताट उचलून बेसिनकडं निघालात.

ही तुमची सवय! कुणाकडंही जेवलात की ताट घेऊन मोरीकडं. लग्नात तेच, साहेब लोकांच्या बंगल्यावर तेच. सगळे म्हणायचे, इंजिनिअर साहेब किती साधे! माझ्या भावजया तर टोमणे मारायच्या की वन्सं, घरी भांडी पण तेच घासतात का? मी हसून सोडून द्यायची. कारण मला एकटीला माहीत होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तुम्ही एकदाच सांगितलंत. तुमच्या गावातलं ते हॉटेल, म्हणजे चार बाकड्यांचं चहाचं दुकान. तुमच्या वडिलांचा कप आत नसायचा. बाहेर कुडाच्या भिंतीत खोचलेला, कान तुटलेला. तुम्ही लहान, त्यांच्याबरोबर जायचात. आपला कप आपण काढायचा, खाली धरायचा, वरून चहा ओतला जायचा, जमिनीवर बसून प्यायचा, धुऊन परत तिथंच खोचायचा. गावातली दुसरी कुणी माणसं त्या कपाला हात लावायची नाहीत. सांगून झाल्यावर तुम्ही माझ्याकडून शब्द घेतलात, “पोरायला हे कधी सांगू नको. त्यायला ते ठाऊकच नको.”

मला काय हे नवं होतं? मी नर्स. ज्या घरात मूल माझ्या हातात जन्माला यायचं, त्याच घरी माझा चहा ओसरीच्या खाली यायचा. मी म्हणायची, तुमचा चहा तुम्हालाच लखलाभ, आणि पिशवी उचलून पुढच्या घरी. तुम्ही मात्र ते गिळून बसलात. पुढं साहेब झालात, सही-शिक्क्याचे अधिकारी झालात, तरी तुमचं ताट उचलणं काही थांबलं नाही.

तर त्या दिवशी हॉलमध्ये वेटर पळत आला. “सर, राहू द्या, आम्ही बघतो,” म्हणून त्यानं ताट हातातून घेतलं. तुम्ही त्याच्या मागं मागं गेलात आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभेच राहिलात. मला वाटलं, चष्मा विसरलात की काय. मी आले तर तुम्ही आत बघत होतात. मोठ्या हौदासारख्या सिंकमध्ये सगळ्यांची ताटं एकावर एक पडत होती. आपल्या शेजारी बसलेल्या त्या सोन्यानं मढलेल्या बाईंचं ताट, कुणा शेटजींचं, तुमचं, माझं. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, “आता आपलं कोन्तं हाय, वळखून दाखव बरं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी सही करून मोकळे झालात. मी किती बडबडले! मला सांगा, एवढ्यासाठी कुणी सभासदत्व घेतं का हो?

पण नंतरची वर्षं बरी गेली, ते कबूल करायला हवं. तुम्ही दिवाळी झाली की बॅगा काढायचात. नात झाल्यावर तर बघायलाच नको. रेवा त्या निळ्या काठाच्या ताटात वरणभात चिवडायची आणि तुम्ही तिच्याकडं असे बघत बसायचात की तुमचं जेवण गार व्हायचं.

आणि आता ऐका या वर्षीचं.

शरद, सूनबाई प्राची, रेवा आणि मी. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. खरं तर माझं मन नव्हतं, पण शरद म्हणाला, बाबांची इच्छा होती. खोलीत गेले आणि काय झालं माहीत नाही, मी आधी नळच सोडून बघितला. करंगळीएवढी धार! उशीवर फूल सोडा, उशीला अभ्रा धड नव्हता. टॉवेलचे दोरे निघालेले. पोहायचा तलाव देखभालीसाठी बंद, आणि देखभाल करणारा कुणी दिसला तर शपथ. जिथं तुम्ही पेपर वाचत बसायचात, ती वाचनाची खोली आता नवीन गिऱ्हाईक गाठायची जागा झाली आहे. तिथं तसाच टायवाला पोरगा आणि तसेच डोंगर-समुद्र! मला त्या समोर बसलेल्या जोडप्याला हाका मारून सांगावंसं वाटत होतं की उठा, पळा.

खोलीत चहाच्या कपबशा असायच्या ना? त्या जागी कागदी कप, एकात एक घातलेले. मी म्हटलं, असू दे, चहाचं काय एवढं.

संध्याकाळी जेवायला गेलो. टेबलावर उसाच्या चिपाडाच्या लगद्याची ताटली! आपल्या डोंगरकडा गावाकडं साखर कारखान्यात चिपाड भट्टीत घालतात, आणि तिथं ते माझ्यासमोर ताट म्हणून मांडलेलं. सोबत लाकडी चमचा, आईस्क्रीमला देतात तसला. त्यानं वरण खाऊन दाखवा कुणी! रस्सा वाढला की ताटलीचं बूड मऊ पडायचं, उचलायला गेलं की वाकायची. जेवण झालं की वेटर यायचा आणि ताटली, चमचा, उरलेलं सगळं एका काळ्या पिशवीत कोंबायचा.

रेवा खूश. “आजी, मस्त ना, घासायचं टेन्शन नाही!” तिचं काय चुकलं? तिला कुणी सांगितलंय काही?

मी गप्प जेवून उठले असते हो. वय झालं, प्रत्येक ठिकाणी कुठं भांडत बसू? पण हॉलच्या मधोमध एक पडदा ओढलेला होता. पलीकडून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता, आणि त्यातून मला ओळखीची खणखण ऐकू आली. मी उठून पडदा बाजूला केला. पलीकडं कुठल्याशा कंपनीची माणसं जेवत होती. निळ्या काठाच्या पांढऱ्या ताटांत! स्टीलचे चमचे, कापडी रुमाल, सगळं तेच. तुमचीच ताटं, अहो!

मॅनेजरला बोलावलं. तरुण माणूस, बोलायला गोड. म्हणाला, “मॅडम, ती पार्टी आहे. त्यांच्या पॅकेजमध्ये क्रॉकरी आहे. मेंबर्ससाठी आमची ग्रीन पॉलिसी आहे, पर्यावरणासाठी.”

मी म्हटलं, “पडद्यापलीकडं वेगळं पर्यावरण आहे का?”

त्याला हसू आलं, ते त्यानं दाबलं. म्हणाला, “मॅडम, उलट हे जास्त हायजिनिक आहे. तुमच्या आधी यात कुणी जेवलेलं नाही, आणि तुमच्यानंतर कुणी जेवणार नाही.”

तुमच्यानंतर कुणी जेवणार नाही! किती प्रेमानं म्हणाला तो. त्याला माझी जात माहीत नव्हती, हे मला कळतं. शेजारच्या टेबलावरच्या सगळ्यांनाच चिपाडाच्या ताटल्या होत्या. भांडी घासायची माणसं कमी केली असतील आणि त्याला पर्यावरणाचं नाव दिलं असेल, एवढंच. हे सगळं कळूनही मी पडदा हातातून सोडला नाही. मी म्हटलं, “मला धुतलेलं ताट पाहिजे. ज्यात सगळे जेवतात ते.”

“सॉरी मॅडम, मेंबर्सना देता येत नाही.”

मग शरद उठून आला. माझा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाला, “आई, काहून अशी करून राहिलीस? समदे बघायलेत. एका ताटलीचा एवढा तमाशा?”

मी काय सांगणार होते त्याला? सांगा ना! माझ्याकडं सांगण्यासारखं एकच कारण होतं आणि त्याच्यावर तुम्ही कुलूप घालून ठेवलं होतंत. मी हट्टी, चक्रम म्हातारी ठरले, पोरासमोर, सुनेसमोर, त्या मॅनेजरसमोर. प्राची बिचारी म्हणाली, “आई, मी खोलीत घेऊन येते तुमचं जेवण.” कशात आणणार होती? मी एक केळ उचललं आणि वर निघून गेले. राहिलेले दिवस फळं आणि बिस्किटांवर काढले. शरद माझ्याशी कामापुरतं बोलत होता.

तुमचा मला एवढा राग आला होता तेव्हा! स्वतः दारात उभं राहून डोळे भरून बघून घेतलंत, आणि मला तोंड बांधून मागं ठेवलंत. लेकरांना कळू नये म्हणालात. अहो, त्यांना कळलं नाही म्हणूनच तर माझा पोरगा त्या मॅनेजरच्या बाजूनं उभा राहिला!

परत येताना प्राची-रेवाला नांदेडला घरी सोडलं आणि शरद मला घेऊन कळमनुरीकडं निघाला. अर्धापूर गेलं, डोंगरकडा गेलं. वारंगा फाट्यावर त्यानं चहाला गाडी थांबवली. टपरीवाल्यानं विचारलं, “मावशी, कागदीत देऊ का काचंच्या गिलासात?”

शरद म्हणाला, “कागदीतच द्या दोन्ही.”

मी म्हटलं, “मला काचेच्या.”

“आई, बघ तरी तिकडं. त्या एका बादलीत समद्यायचे गिलास बुचकळून राहिला तो.”

“म्हणूनच,” मी म्हटलं.

तो माझा गिलास आणि त्याचा कागदी कप घेऊन बाकड्यावर आला. मग म्हणाला, “आई, तुला झालंय तरी काय?”

आणि मी सांगितलं. तिथंच, ट्रकांच्या आवाजात, बाकड्यावर बसून. तुमच्या वडिलांचा कप सांगितला, कुडाची भिंत सांगितली, तुम्ही मोरीकडं ताट का न्यायचात ते सांगितलं, आणि रिसॉर्टच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून काय म्हणालात तेही. तुम्हाला दिलेला शब्द मोडला. मला वाईट वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

शरदनं कप तसाच भरलेला बाकड्यावर ठेवला. मग म्हणाला, “मी बाबांना हसायचो गं. मित्रायसमोर. म्हणायचो, आमचे बाबा हॉटेलात पण भांडे घासतेत.” आणि त्यानं तोंड फिरवलं. एवढा मोठा बँकेतला साहेब, पण मला तो पाळण्यातला दिसला. “मला काहून न्हाई सांगितलं त्यांनी?” म्हणाला. ते उत्तर तुम्ही द्यायचं. तुमच्याकडं आहे का?

गाडीत बसल्यावर म्हणाला, “सोडूनच देऊ आई ते. असल्या ठिकाणी आपण काहून जायचं?” वर हेही म्हणाला की रविवारपर्यंत विचार कर.

काल मला ते पटलं. डोक्यात जाळ होता तरी एवढं एक समाधान होतं. सुटले एकदाची, असं वाटलं. पण आज सकाळपासून मनात एकच घोळतंय. तुमच्या वडिलांनीही हेच केलं होतं ना? एक दिवस त्यांनी त्या हॉटेलात जायचंच सोडलं. घरी चहा प्यायला लागले. मान राखला स्वतःचा, खरं आहे. पण हॉटेलवाल्याचं काय अडलं? त्याची चार बाकडी होती तिथंच होती, आणि आपली माणसं तेवढी तिथून उठली. दर वेळी उठून आपणच का जायचं हो?

तुम्ही म्हणालात म्हणून मी हे करत नाही, हे आधीच लिहून ठेवते. तुमचं ते फूल, ते डोंगर, ती हवा, मला काही नको. नळाला धार नसली तरी चालेल, टॉवेल घरून नेईन. पण ते सभासदत्व मी माझ्या नावावर करून घेणार आहे. शरदला आज फोन करते, रविवारची वाट बघत नाही.

आणि हे वचन देते, तुम्हाला आवडो न आवडो. पुढच्या दिवाळीनंतर आम्ही सगळे जाऊ. मी त्याच हॉलमध्ये बसेन, हात धुऊन, आणि सगळे जेवतात ते ताट मागेन. सरकारी दवाखान्यात ज्या आवाजानं मी अख्खा वॉर्ड गप्प केलाय, त्या आवाजात मागेन. ताट येईपर्यंत उठणार नाही. मॅनेजर कारण विचारेल, विचारायलाच पाहिजे त्यानं. या वेळी मी कारण सांगणार आहे, पडद्यापलीकडं ऐकू जाईल असं. रेवाला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवीन, म्हणजे तिला एकही शब्द दुसऱ्या कुणाकडून ऐकावा लागणार नाही.

रागावलात तर रागवा.

तुमचीच,
सुमन